रंभाची अर्धी गोळी

॥ श्री ॥

कुरखेडा,
ता. २४ ऑगस्ट १९५५

चि. गुणवंतास सुगंधाबाईचे अ. उ. आशीर्वाद.

वि. वि. पत्राच्या सुरुवातीले 'इकडील सर्व खुशाल' लिहायची रीत आहे, पण आज ते लिहिलं तर खोटं होईल. तसे सारे जण धडधाकट आहेत. धान चांगलं लागलं आहे, तुझे भाऊजी दिवसभर चिखलात उभे राहूनही ठणठणीत आहेत. तरी माझं मन ठिकाणावर नाई, अक्षर वाकडं दिसलं तर हसू नको.

मागच्या आठवड्यात आमचं धानाचं रोवणं चालू होतं. घरचे सारे शेताच्या बांधीत उतरलो होतो. रंभीले तलावाच्या पाळीवर बसवलं आणि लहान्या भावाले, झाडूले, सांभाळ म्हणून सांगतलं. नऊ वर्षांची पोरगी, दोन वर्षांच्या भावाले सांभाळणार नाई का? पण पलीकडच्या बांधीत सारसाची जोडी उतरली आणि ही उठली ती त्यांच्या मागं गेली. झाडू सरपटत पाण्यात. डोमा ढिवर जाळं टाकत होता म्हणून बरं. त्यानं पोराले पाय धरून उलटं केलं, पाणी काढलं. आम्ही धावत पोचलो तेव्हा पोरगं रडून राह्यलं होतं. तेवढ्यात रंभी चिखलानं माखून, हसत, सारस कसे नाचतात ते सांगत आली. सारे काऊन उभे आहेत ते तिले समजलं आणि तिनं आपल्याच हातानं आपल्या तोंडात मारून घेतलं. मी हात धरला तर म्हणते, "मी लक्ष ठेवूनच राह्यली होती, माय. ते कुठी गेलं मले समजलंच नाई."

गुणवंता, तेव्हापासून माझ्या कानातून हे बोलणं जात नाई. पोरगी वाईट नाई रे. खाऊ मिळाला तर आधी दुसऱ्याले देते. बापाची दंडारीच्या खेळातली सारी बोलणी तोंडपाठ आहेत. पण अंगण झाडायले घेतलं की झाडणी अर्ध्या अंगणात पडलेली आणि ही भिंतीवर चढलेली. तिसरीत आहे, अजून जोडाक्षर लागत नाई. शाळेत तापल्या वाळूवर बसवल्यासारखी बसते. मुखरू गुरुजी म्हणतात, दिवाळीपर्यंत पाहतो, नाईतर नाव काढा, हिच्यामुळं बाकीचे बिघडून राह्यले. शेजारची रुखमाबाई म्हणते बाहेरचं लागलं, पुजाऱ्याकडं न्या. तुझे भाऊजी म्हणतात पोरगी म्हणजे वारा, मोठी झाली की बसेल. मी चौथीपर्यंत शिकली, पुढं शिकायचं राहून गेलं. तिचं नाव असं कटू नये एवढंच वाटते.

तू आता लहान पोरांचा डॉक्टर झाला. हा रोग आहे, का आमचंच चुकते, ते मले सांग.

या बहिणीच्या पदराले धरून बाजारात चालायचा, ती ओढ मनातून जाऊ देऊ नको.

तुझी बाई,
सुगंधा


नागपूर,
ता. ५ सप्टेंबर १९५५

ती. सौ. बाईस गुणवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षराला हसलो नाही. हसण्यासारखं माझंच अक्षर आहे, आमचा कंपाउंडर ते वाचताना देवाचं नाव घेतो.

आधी दोन गोष्टी. पुजाऱ्याकडे नेऊ नकोस, आणि कोणालाही तिच्यावर हात टाकू देऊ नकोस, तिला स्वतःलाही. रंभाच्या त्या बोलण्यात सगळं आलं, बाई. ती लक्ष देत नाही असं नाही. लक्ष तिच्या हाती राहत नाही. अशी मुलं मी इथे वॉर्डात पाहिली आहेत. त्यात आईबापाची चूक नसते.

आमचे मोठे डॉक्टर दोन वर्षं परदेशात शिकून आले. तिकडे अशा काही मुलांना एक गोळी देऊन पाहिली आहे, असं ते सांगतात. नवल असं की ती गोळी मुळात जागं ठेवणारी आहे. मोठ्या माणसांची सुस्ती घालवायला देतात. पण अशा चंचल मुलांना दिली तर ती उलट स्थिर होतात, एका जागी बसून काम करतात. का होतात ते नीटसं कोणालाच समजलेलं नाही. आता तू म्हणशील, रंभी तर कोंबड्याच्या आधी उठते, तिला जागं ठेवायची गोळी कशाला! मीही हेच विचारलं होतं. ते म्हणाले, आधी मुलगी तर पाहू दे.

धान कापून झालं की तिला घेऊन ये. वडशाहून सकाळची छोटी गाडी धर, नागभीडला बदल. मी स्टेशनावर असेन. भाऊजींनाही आण, त्यांना पटल्याशिवाय मी काही देणार नाही.

आशीर्वादाचा हात पाठीवर असू दे.

तुझा,
गुणवंत


कुरखेडा,
ता. १८ डिसेंबर १९५५

चि. गुणवंतास अ. उ. आशीर्वाद.

वि. वि. नागपूरहून आलो तेव्हापासून पत्र लिहीन म्हणते, पण नजर लागेल म्हणून थांबली. आता सांगते. गोळी लागू पडली.

तुझ्या मोठ्या डॉक्टरनं छातीले नळी लावून तिले तपासलं, चित्रं दाखवली, तासभर बोलत बसले, तेव्हाच तुझ्या भाऊजींचा राग अर्धा गेला होता. तरी गाडीत म्हणत होते, धडधाकट पोरीले कशाची गोळी. इथी आल्यावर सोमवारी पहिली दिली. काई झालं नाई असं वाटलं. दुपारी शाळेच्या बाजूनं गेली तर खिडकीतून पाह्यलं. रंभी पाटीवर वाकून लिहून राह्यली होती. बाजूले पोट्टे भांडत होते, तिनं मान वर केली नाई. मी तिथंच उभी राह्यली.

परवाची गोष्ट ऐक. हे जेवून राह्यले होते. दंडारीच्या कपड्यांची आमची पेटी आहे ना, तिच्यावर पेंटरानं ह्यांचं नाव लिहिलं आहे. रंभी पेटीसमोर बसली, बोट ठेवून ठेवून वाचलं, "भैयाजी". यातला 'य्या' म्हणायचा असते का 'या', असं तिनं बापाले विचारलं. ह्यांच्या हातातला घास हातातच राह्यला. ह्यांले तरी कुठं ठावूक आहे? म्हणाले, तू म्हणशील तसं.

पण भूक गेली आहे रे. दुपारचा डबा जसाच्या तसा परत येते. झोपही लवकर लागत नाई, पडल्या पडल्या वर पाहत राहते. आणि एक गंमत. मुखरू गुरुजी घरी आले होते. पोरगी अशी शांत झाली म्हणून खूश. म्हणाले, तुमच्या भावाले लिहा, अशी गोळी आणखी दोन-तीन पोट्ट्यांसाठी पाठवा. मी हसली, पण हे हसले नाई.

काय खाऊ घालू ते लिही. रंभीसाठी मामीच्या शोधात आहोत, तिकडं स्वतःच पसंत करून बसू नको.

माया अशीच वाहती ठेव.

तुझी बाई


कुरखेडा,
ता. १९ जानेवारी १९५६

चि. गुणवंतास अ. उ. आशीर्वाद.

वि. वि. तू लिहिल्याप्रमाणं सकाळी गोळीच्या आधी पोटभर भात-वरण आणि संध्याकाळी गोळी उतरली की परत जेवण, असं चालू केलं. थोडी खाते. पण आज लिहायचं वेगळंच आहे.

आमच्या गावची दंडार झाली. तुझे भाऊजी दरवर्षीप्रमाणं हसवणाऱ्या गड्याच्या सोंगात होते. तुले माहीत आहे, ते मांडवात आले की सारा गाव लोटपोट होते. रंभी दरवर्षी अगदी पुढं बसते. बापाची बोलणी पाठ, म्हणून बाप बोलायच्या आधीच हसते, आणि तिचं हसणं पाहून लोक हसतात. हे म्हणतात, अर्धी दंडार तर माझी पोट्टीच ओढते.

यंदा ती खेळ संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसली. झोपली नव्हती, सारं पाहत होती. पण ओठ हलला नाई. मी बायांमध्ये बसून तिच्याकडं पाहत होती आणि हे मांडवातून पाहत होते. एकदा तर आपलं बोलणंच विसरले.

घरी आल्यावर मले म्हणाले, "माझी पोरगी चूप झाली, सुगंधा. शहाणी नाई झाली." आणि शीशी उचलून धानाच्या ढोलीत खोल खुपसून दिली. म्हणाले, गुरुजीले चूप पोरगी पाहिजे, म्हणून गोळ्या मागून राह्यले. मले माझी पोरगी पाहिजे.

मी दोघांच्या मधात सापडली आहे. पेटीवरचं नाव वाचणारी पण तीच आणि न हसणारी पण तीच. शीशी मी काढली नाई. तुझं उत्तर येईपर्यंत काढणार नाई. पण शाळेत परत पहिल्यासारखं सुरू झालं आहे, काल गुरुजींनी तिले बाहेर उभी केली.

लवकर लिही, आणि बहिणीले राग आला असं समजू नको.

तुझी बाई


नागपूर,
ता. २६ जानेवारी १९५६

ती. सौ. बाईस शि. सा. न. वि. वि.

भाऊजींना सांग, त्यांनी शीशी ढोलीत टाकली ते बरोबर केलं. हे मी त्यांची समजूत काढायला लिहीत नाही.

तुझं पत्र मोठ्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी दंडारीचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, पोर गप्प होणं म्हणजे औषधाचं यश नव्हे. मात्रा जास्त झाल्याची ती खूण आहे. वर्गातून पाहणाऱ्याला हे कळत नाही, बापाला कळलं. आता असं करा. अर्धी गोळी द्या, तीही शाळेच्या दिवशीच. रविवारी नाही, सणाला नाही. अर्ध्या गोळीवर ती हसली आणि पाटीवरही बसली तर ठेवू. हसली नाही तर बंद करू आणि दुसरा मार्ग शोधू. गोळीसाठी मुलगी नाही.

मुखरू गुरुजींना माझा नमस्कार सांग आणि नम्रपणे नाही म्हण. वर्ग शांत राहावा म्हणून कोणत्याही मुलाला गोळी द्यायची नसते. आधी मूल तपासावं लागतं, आणि तरीही पुष्कळांना तिची गरज नसते. आणि बाई, गोळी फक्त तिला बसवते. बसल्यावर तिच्यापुढे काय ठेवायचं ते गुरुजींचं आणि तुझं काम. ते जर रटाळ असेल तर मीही उठून जाईन.

मामी अजून कोणी पसंत केलेली नाही. नजर ठेवायला कोणाला पाठवू नकोस.

लोभात उणं पडू नये.

गुणवंत


कुरखेडा,
ता. २ एप्रिल १९५७

रा. रा. गुणवंतराव यांसी भैयाजीचा रामराम.

मी पत्र लिहीत नसतो हे तुमाले ठाऊक आहे. तुमची बाई लिहिते तेवढं पुरते. पण ही गोष्ट मले सोता विचारायची आहे, म्हणून तिले सांगतलं की मीच लिहितो.

अर्धी गोळी बरी पडली. ढोलीतली शीशी मीच काढून दिली होती. पोट्टी हसते, भांडते, आणि शाळेतही टिकते. पाचवीत जाईन. यंदाच्या दंडारीले माझ्या आधीच बोलून मोकळी झाली, लोकाले वाटलं हे पण खेळातलंच. हे सारं तुमच्यामुळं, ते मी नाई म्हणत नाई.

पण दीड वर्ष होऊन राह्यलं. दोन दिवाळ्यांआधीचा तिचा परकर अजून तसाच बसते. वडशाले बाबुलालच्या धान-गिरणीत गेलो होतो, तुमच्या गोळ्या तोच नागपूरहून आणते. त्याच्या काट्यावर तिले उभी केली. पोरगी वर्षात भरली म्हणावी असं काई दिसलं नाई. बाबुलाल हसला, म्हणे भुसा भरला का पोरीत. मले हसू आलं नाई.

मी धान पेरतो. कोणतं खत टाकलं तर पहिल्या साली पीक हिरवंगार दिसते आणि चौथ्या साली जमीन मरते, ते मी पाह्यलं आहे. म्हणून विचारतो. ही गोळी किती वर्स द्यायची? ती पंचवीस वर्सांची होईन, तिचं लगन होईन, लेकरं होतीन, तेव्हा ही गोळी तिच्या अंगात काय करून ठेवन? तिच्या काळजाले, डोक्याले? मले डॉक्टरी समजत नाई. एका शब्दात सांगा. तुमी माझ्या पोरीचे मामा आहात, त्या नात्यानं सांगा.

नातं आहे तसं राहो.

भैयाजी


नागपूर,
ता. २० एप्रिल १९५७

ती. भाऊजींस गुणवंताचा सा. न. वि. वि.

एका शब्दात सांगा म्हणालात. एक शब्द पुरत नाही, दोन लागतात: माहीत नाही.

हे लिहायला मला इतके दिवस लागले, कारण तुम्हाला तरी काही पक्कं सांगावं म्हणून मी विचारत फिरलो. मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जिथे ही गोळी आधी दिली गेली तिथेही ती काही आठवडे, काही महिने दिली आणि मुलं कशी वागतात ते पाहिलं. वर्षानुवर्षं दिलेली मुलं त्यांच्या तरी पाहण्यात नाहीत. मग त्यांनी गोळी बनवणाऱ्यांच्या इथल्या कचेरीला पत्र घातलं. उत्तर आलं की लांबच्या वापराबद्दल आमच्याकडे तक्रार आलेली नाही. मला क्षणभर हायसं वाटलं. मग तुमचं खताचं वाक्य आठवलं. तक्रार आलेली नाही म्हणजे अपाय नाही, असं होत नाही. कोणी पाहिलंच नसेल तर तक्रार येणार कोठून?

जे माहीत आहे तेवढं सांगतो. गोळी असते तोवर तिचं लक्ष टिकतं, हे तुम्हीच पाहिलं. भूक कमी होते, झोप उशिरा येते, नाडी थोडी जलद चालते, हेही पाहिलं. वाढ मंदावते असा तुम्हाला संशय आहे आणि मला तो खोटा वाटत नाही. गोळी थांबवली की वाढ भरून निघते का, ते ठाऊक नाही. पंचविसाव्या वर्षी काय, ते तर मुळीच नाही.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. गोळी न दिल्यानं काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. शाळेतून नाव गेलं असतं, रोज मार, रोज शिव्या. मी नालायकच आहे असं जिला नवव्या वर्षी वाटायला लागतं, तिच्या मनाचं पंचविशीत काय होतं, याचं वजन कोणत्या काट्यावर करायचं?

म्हणून माझा विचार असा. आता उन्हाळ्याची सुट्टी आहे. शाळा उघडेपर्यंत गोळी पूर्ण बंद ठेवा. तिला पोटभर खाऊ द्या, झाडावर चढू द्या. शाळा उघडायच्या आधी इकडे आणा. वजन, उंची, छाती, नाडी सगळं तपासू. मग पुढचं वर्ष द्यायचं की नाही ते ठरवू, आणि दरवर्षी असंच नव्यानं ठरवू. काही वावगं दिसलं तर त्याच दिवशी बंद. ठरवणं तुमच्याकडे. तुम्ही नको म्हणालात तर मी एका अक्षरानं आग्रह करणार नाही.

माझ्या 'माहीत नाही'चा राग आला तर तो माझ्यावर काढा, बाईवर नको.

तुमचा,
गुणवंत


कुरखेडा,
ता. १० ऑगस्ट १९५८

चि. गुणवंतास व चि. सौ. शालिनीस अ. उ. आशीर्वाद.

वि. वि. अखेर स्वतःच पसंत करून बसला! भावजय चांगली आहे म्हणून सोडून दिलं.

मागच्या उन्हाळ्यात गोळी बंद केली तेव्हा रंभी आंबे आणि रानातली चारं, टेंभरं खाऊन अशी वाढली की परकर आखूड पडले, हे तू पाह्यलंच. ते पाहून ह्यांनीच म्हटलं होतं की शाळा आहे तोवर अर्धी चालू दे. पण आता तू लिहितो की परदेशी माल येणं कमी झालं, गोळी नागपुरातही मिळत नाई. यंदाच्या उन्हाळ्यातली बंद ती बंदच राह्यली. सहावीची शाळा सुरू होऊन दीड महिना झाला, गोळीशिवाय.

तू विचारलं कशी आहे. खरं सांगते. वाचणं गेलं नाई. माझ्या जिवाले तीच भीती होती की गोळी गेली म्हणजे तिच्यासोबत सारंच जाईल. तसं झालं नाई. वाचायले आलं ते तिचं झालं. पण हिशेबाचं गणित मांडलं की अर्ध्यात सोडते. पाटी विसरते, वही विसरते, परवा तर एक चप्पल शाळेत आणि एक पायात. मैत्रिणींशी कट्टी होते आणि मग कोपऱ्यात रडते.

पण आम्ही पण थोडं शिकलो रे. बसून पाठ होत नाई तर हे तिले शेताच्या धुऱ्यावर घेऊन जातात, पुढं हे, मागं ती, चालता चालता पाढे. गणित एकदम मांडून देत नाई, एक झालं की उठ, पाणी आण, मग दुसरं. मुखरू गुरुजींले मी हात जोडून सांगतलं. आधी कुरकुरले, मग त्यांनी तिले पुढं बसवलं आणि घंटा वाजवायचं काम दिलं. आता म्हणतात, तेवढं उठणं मिळालं की पुढचा तास बरी बसते. गोळीनं जेवढं होत होतं तेवढं नाई होत, अर्धंही नाई. पण काईच नाई असंही नाई.

मले एक समजत नाई. हा जो फरक पडला तो गोळीचा, का वय वाढल्याचा, का आमच्या धुऱ्यावरच्या चालण्याचा? कशानं किती, ते वेगळं काढता येईल का?

शालिनीले म्हण, पुढच्या दंडारीले या. तिचा भाऊजी कसा दिसते गड्याच्या सोंगात ते तिले पाहू दे.

दोघंही आमच्यावर जीव ठेवा.

तुमची बाई


कुरखेडा,
ता. १४ जून १९५९

ती. गुणवंतमामास व सौ. मामीस रंभाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी एका बैठकीत लिहून नाई राह्यली. दोनदा उठली. एकदा झाडू चिंचेवर चढला म्हणून आणि एकदा उगीच. पण परत येऊन बसली, हे लिहायचं आहे म्हणून.

मी सहावी पास झाली. नंबर सांगण्यासारखा नाई, पण पास झाली. आता पुढच्या शाळेसाठी ब्रह्मपुरीले पाठवायचं ठरते आहे. तिथं मावशीकडं राहायचं. गावची मंगली पण येणार आहे. तिथं माय नसेल, धुऱ्यावर चालायले बाबा नसतील, आणि घंटाही दुसराच कोणी वाजवेल. तुमचं पत्र आलं की गोळी परत मिळायले लागली आहे, पाहिजे असेल तर कळवा. ते पत्र मायनं वाचलं, बाबांनी ऐकलं आणि घडी करून पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मले बांधीवर नेलं. म्हणाले, "इतके दिवस तुझी माय बोलली, मामा बोलला, मी बोललो. गोळी तर तू खाल्ली. तू सांग, पाहिजे का?"

मामा, मले हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाली, मामाले लिहून सांगते, म्हणजे मले पण समजेल.

मले आठवते तसं सांगते. गोळीच्या आधी माझ्या डोक्यात बाजाराचा दिवस असायचा. सारे एकदम ओरडायचे, आणि गुरुजी त्या गर्दीत कुठंतरी उभे. मले वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात असं असते आणि बाकीचे माझ्यापेक्षा चांगले आहेत म्हणून बसून राहतात. मग पहिल्यांदा गोळी घेतली तेव्हा बाजार उठला. गुरुजींचा एकट्याचा आवाज ऐकू आला. मले आनंद झाला नाई, रडू आलं. मी मंगलीकडं पाह्यलं आणि वाटलं, हिले रोजच असं ऐकू येते? फुकटात?

पण पूर्ण गोळी होती तेव्हाचंही आठवते. सारं बरोबर होतं आणि कशाचंच काई वाटत नव्हतं. बाबा मांडवात मुद्दाम पडले ते मले दिसलं, हसायचं असते ते समजलं, पण हसू आलं नाई. ते मले परत नको. कधीच नको. आणि जेवणाचा वास आला की मळमळायचं, तेही नको.

म्हणून माझं उत्तर असं. मले पाहिजे. अर्धी. शाळेच्या दिवशी. सुट्टीत नाई, दंडारीले नाई. धुऱ्यावरचं चालणं मी ब्रह्मपुरीतही करीन, मावशीच्या अंगणात. जेव्हा मी म्हणेन की आता नको, तेव्हा कोणी 'काऊन' म्हणून भांडायचं नाई, विचारायचं फक्त. हे बाबांले वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे. मग डोळे पुसत उठून बैलाले पाणी दाखवायले गेले. बैलानं आत्ताच पाणी पिलं होतं.

आता माझं एक काम आहे मामा, तुमच्याकडं. मायनं तुमचं ते जुनं पत्र मले वाचू दिलं, ज्यात तुम्ही बाबांले लिहिलं की माहीत नाही. मी ते वाचून घाबरली नाई. मले वाटलं, माहीत नाई तर पाहायले पाहिजे. मी तर इथंच आहे. दरवर्षी मी नागपूरले येईन, तुम्ही मोजा. उंची, वजन, नाडी, झोप, सारं लिहून ठेवा, आणि मी हसते का ते पण लिहा, ते तुमच्या काट्यावर येत नाई म्हणून सुटून जाईल. मंगली माझ्यापेक्षा उंच आहे, पण तिचा बापही ताडासारखा आहे, तेही लिहा, नाईतर गोळीवर उगाच आळ येईल. मी पंचवीस वर्षांची होईन, लगन होईल, लेकरं होतील, तोपर्यंत लिहा. पुढं कोण्या दुसऱ्या गावचा बाप दुसऱ्या डॉक्टरले विचारेल तेव्हा त्याले सांगायले काईतरी असावं. चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट.

शाळा पुढच्या सोमवारी उघडते. शीशी बाबुलालच्या हाती देऊ नका, तो गिरणीत विसरतो, माझ्यासारखाच आहे. बाबा स्वतः येऊन राह्यले आहेत न्यायले, शनिवारच्या गाडीनं. ते नागपुरात रस्ता चुकतील. स्टेशनावर जा.

मामीले सांगा, तिच्यासाठी मोहाच्या फुलांची पुरचुंडी बाबांजवळ दिली आहे. माझ्यावर माया ठेवा, आणि मी पत्राचं उत्तर द्यायले विसरली तर दुसरं पत्र पाठवा.

तुमची भाची,
रंभा